डावी तार, उजवी तार

मंडपात पाऊल टाकल्याबरोबर माणसं आधी आचाऱ्याला शोधतात, मग भटजींना आणि मग मला. आचारी आणि भटजी या दोघांना एकच प्रश्न असतो, "अजून किती वेळ?" मला विचारायचा प्रश्न मात्र काळाबरोबर बदलत गेला. सुरुवातीला विचारत, "भाऊ, आमची कॅसेट लावता काय?" मग सीडी आली, मग पेनड्राइव्ह. अलीकडे कोणीतरी छातीशी लॅपटॉप धरून येतं आणि म्हणतं, "काका, हे जोडता येते काय?" भाऊचा काका नेमका कधी झालो, ते काही माझ्या ध्यानात आलं नाही.

जोडता येतो. लॅपटॉप जोडायला काही मोठी विद्या लागत नाही. कशानं जोडायचा, हे ठरवायला मात्र लागते. चाळीसेक वर्षं मी साउंडचं काम केलं आणि त्यातली शेवटची काही वर्षं बहुतेक या एका गोष्टीवर डोकं चालवण्यात गेली. हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. एक तार तर खुपसायची, त्यात ठरवायचं काय? म्हणून आधी थोडं धंद्याचं सांगतो.

मी धनजचा, कारंजा तालुक्यातला. आम्ही दोघे भाऊ. थोरल्यानं शेत धरलं आणि मी मशीन. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. आमच्याकडे जुनी माणसं अजूनही मशीनच म्हणतात. एक मशीन, दोन कर्णे, एक माईक आणि ट्रॅक्टरची एक जुनी बॅटरी, एवढ्यावर मी सुरुवात केली. सायकलच्या कॅरिअरला कर्णा बांधला की मागून येणाऱ्याला मी दिसत नसे, नुसता कर्णा रस्त्यानं चाललेला दिसे. लिंबाच्या शेंड्याला तो बांधून "हॅलो, हॅलो" म्हटलं की शिवारात निंदणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. आज कोणाकडे कार्य आहे, ते त्यांना तिथूनच कळे.

त्या काळी आवाज एकाच वाटेनं यायचा. टेपच्या मागे दोन छिद्रं असत, एक लाल आणि एक पांढरं. त्यात लाल-पांढरी वायर घालायची, दुसरं टोक मशीनला लावायचं आणि पानाला चुना लावत बसायचं. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नसे. आज त्या दिवसांची आठवण आली की मला आधी ती निवांत बैठक आठवते.

लॅपटॉपनं वाटा वाढवल्या. एक वाट बाजूच्या बारीक छिद्राची, जिथं कानात घालायची वायर लावतात. दुसरी ब्लूटूथची, तिला तारच नाही. तिसरी म्हणजे यूएसबीच्या फटीत लावायची छोटी डबी, तिला साउंड कार्ड म्हणतात आणि सगळ्यात स्वच्छ आवाज तिच्यातूनच निघतो. पडद्यावर चित्र दाखवायचं असलं तर आणखी एक जाड वायर असते. तिच्यातून चित्राच्या मागे मागे आवाजही निघून जातो. मग सगळे विचारत बसतात की आवाज गेला कुठं, आणि तो तिकडे प्रोजेक्टरच्या पोटातल्या एवढ्याशा स्पीकरमधून चिवचिवत असतो.

प्रत्येक वाटेची खोड वेगळी. ब्लूटूथची खोड मला एका साखरपुड्यात कळली. नवरदेवाच्या बहिणीनं लॅपटॉपवर गाणी भरून आणली होती. तार काढायचा मी कंटाळा केला आणि ब्लूटूथनं जोडून मोकळा झालो. आता गंमत अशी होती की सकाळी नवरदेवाच्या मामांनी हौसेनं आपला मोबाईल माझ्या मिक्सरला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला, जोडून पाहिला होता. मामा ते विसरले होते. मिक्सर विसरला नव्हता. जेवणाच्या आधी लॅपटॉप जरा वेळ झोपी गेला, आणि मिक्सरनं ओळखीचा मोबाईल धरला. त्याच वेळी मंडपामागे उभ्या असलेल्या मामांनी बायकोचा आवाजातला निरोप ऐकायला बोट दाबलं. मामी मंडपातच होत्या, बायकांच्या बाजूला. तिथूनच त्यांनी नवऱ्याला तो निरोप धाडला होता. तो चार मोठ्या स्पीकरांतून सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांनी ऐकला.

"अवो, ते आहेराची साडी पाह्यली काय? आपुनच तिले दोन वर्षांमांगं देल्ली होती! घडी बी मोडली नाई तिनं!"

जिनं साडी दिली होती तिनं पदर तोंडाला लावला. मामी तर खुर्चीसकट जमिनीत जायच्या बेतात होत्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "जाऊ द्या व बायांनो. माही बी एक हिरवी साडी फिरून राह्यली गावात. कोनाले दिसली तं सांगजा." अख्खा मंडप हसला आणि साखरपुडा वाचला. त्या दिवसापासून गर्दीत मी ब्लूटूथ वापरलं नाही.

बारीक छिद्राची खोड मला केनवडला कळली. रिसोडकडचं केनवड ही माझी सासुरवाडी, त्यामुळे तिकडचीही कामं येत. तिथं सोयाबीनवरच्या किडीबद्दल एका साहेबांचं भाषण होतं. साहेबांचा लॅपटॉप जोडला आणि साहेब बोलायच्या आधी स्पीकरमधून "घुंऽऽऽ" असा आवाज सुरू झाला. पुढं बसलेल्या एका शेतकऱ्यानं शांतपणे सांगितलं, "साहेब, खोडमाशी आली वाटते."

तो आवाज चार्जरचा होता. लॅपटॉपची वीज एका बोर्डावरून येते, माझ्या मशीनची दुसऱ्या. दोघी आवाजाच्या तारेत भेटतात आणि तिथं कुरकुर सुरू होते. चार्जर काढला की कुरकुर बंद. मी काढला. पण साहेबांच्या लॅपटॉपची बॅटरी म्हातारी होती, ती कशीबशी वीस मिनिटं टिकणार होती. साहेबांनी तासाभराचं भाषण वीस मिनिटांत आटोपलं. खाली उतरले तर लोक त्यांच्याभोवती जमले आणि म्हणाले, "साहेब, आज पयल्यांदा सारं समजलं." आभार मानावेत की रागवावं, हे न कळल्यासारखं साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

असे किस्से सांगताना मला शहाणा असल्यासारखं वाटतं. म्हणून आता जिथं शहाणपणा कामी आला नाही, ते सांगतो.

आमच्याकडच्या इंझोरी गावात दौलतभाऊ म्हणून भजन म्हणणारे होते. शेती थोडी, गळा मोठा. पेटी स्वतः वाजवत, चाली स्वतः लावत. आवाज असा की पहिला सूर लागला की मंडपातल्या पोराबाळांची रडारड थांबे. त्यांच्या कितीतरी भजनांना माझा माईक होता. मला ते "मधू" म्हणत, मी त्यांना दौलतभाऊ. माझ्यापेक्षा ते दहा वर्षांनी मोठे. काम आटोपल्यावर वायरी गुंडाळायला बसत, स्वतः होऊन. वायरी गुंडाळणारा गाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमचं बिनसलं ते एका सप्ताहात, काल्याच्या दिवशी, भर दुपारी. मी नुकतंच इकोचं यंत्र आणलं होतं. एक शब्द म्हटला की तो तीन-चार वेळा मागून घुमत यायचा. तेव्हा त्याची फार चलती होती. दौलतभाऊंना न विचारता मी घुंडी फिरवली. त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. माईकवरच विचारलं, "मधू, हा माह्या मांगून कोन बोलून राह्यला?"

लोक हसले. मी म्हणालो, "दौलतभाऊ, इको हाय तो. आवाज भारी वाटते."

"मले भारी नाई पायजे. माहा पायजे."

मी घुंडी थोडी कमी केली, पूर्ण बंद केली नाही. नव्या यंत्राचा तोरा होता. त्यांनी दुसरी ओळ घेतली, पुन्हा थांबले. मग माईकचा दांडा हळूच बाजूला सरकवला आणि तसंच म्हटलं, बिनमाईकचं, अर्धा तास. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं. मी मात्र मशीनपाशी रिकामा बसून होतो आणि येणारा-जाणारा माझ्याकडे पाहून हसत होता.

तिथंच सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं. पण जेवणाच्या पंगतीत, ते दोन पानं सोडून बसले असताना, मी शेजारच्याला मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "ज्याले माईकची किंमत नाई, त्यानं गोठ्यात जाऊन म्हनावं. ढोरं ऐकतात."

त्यांनी ऐकलं. मान खाली घालून ते जेवत राहिले. त्यानंतर मी त्यांच्या भजनाचं काम घेतलं नाही. बोलावणं आलं तर तारीख नाही म्हणून सांगायचो. सहा वर्षं गेली. मग ते गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी त्यांच्या घरी बसायला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, म्हणता म्हणता तेरवी झाली, आणि तेरवीनंतर कोणत्या तोंडानं जायचं?

वर्ष होत आलं तेव्हा त्यांच्या मुलीचा, वनिताचा फोन आला. ती अकोल्याला नोकरी करते. म्हणाली, "काका, बाबांचं वर्षश्राद्ध हाय. जायच्या आधीच्या हिवाळ्यात मी त्याईले अकोल्याच्या स्टुडिओत नेलं होतं. चार भजनं भरून घेतली. घरी कोनालेच माहीत नाई, आईले बी नाई. त्या दिवशी लावाची हायेत. माह्या लॅपटॉपात हायेत. तुमी येसान काय?"

मी हो म्हणालो. ती पुढे म्हणाली, "एकदा ऐकून घेता काय आधी? पाठवू?"

"गरज नाई बाई," मी म्हणालो. "जोडलं की वाजते."

खरं म्हणजे तो आवाज एकट्यानं ऐकायची माझी हिंमत नव्हती. पण तिला मी ते धंद्यातल्या माणसाच्या ऐटीत सांगितलं.

कार्यक्रम चांगला व्हावा म्हणून मी मनापासून तयारी केली. स्पीकर पुसले. जुनी लाल-पांढरी वायर जागोजागी काळ्या टेपनं चिकटवलेली होती, ती वाईट दिसेल म्हणून कारंज्यातून नवी घेतली. एका टोकाला लॅपटॉपच्या छिद्राची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला मिक्सरची जाड पिन, मधे एकच गुळगुळीत काळी तार. घरी मोबाईलला लावून पाहिली. ढोलाचं एक गाणं दणक्यात वाजलं. दणका ऐकला आणि मी समाधानानं तार गुंडाळून ठेवली. त्या गाण्यात गाणारा होता की नव्हता, याकडे माझं लक्षच गेलं नाही.

इंझोरीला सकाळी आठलाच पोचलो. घरासमोर छोटा मंडप होता. कौसल्यावहिनी, म्हणजे दौलतभाऊंची बायको, स्वतः चहा घेऊन आल्या. मी कप हातात घेतला आणि म्हणालो, "वहिनी, मी बसाले बी आलो नाई. माहं तोंड नव्हतं. मी एकदा त्याईले पंगतीत वाईट बोललो होतो."

"माहीत हाय मले," त्या म्हणाल्या. "गोठ्यात जाऊन म्हना म्हटलं होतं ना तुमी? घरी आले अन् हासत सुटले. म्हने, मधूनं मले गोठ्यात पाठवलं. अन् मंग खरंच रोज धार काढतानी भजन म्हनत. म्हने, गाय दूध जास्त देते." त्या हसल्या, मग पदरानं डोळे पुसले. "तुमच्यावर नाई राग धरला त्याईनं. तुमी येत नाई, याचं मात्र त्याईले लागे."

चहा तसाच हातात राहिला. वाद मिटला होता, फक्त मला कोणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कसं? बोलावणं आलं की तारीख नाही म्हणून मीच टाळत होतो.

मग वनिताचा लॅपटॉप आला आणि मी कामाला लागलो. ब्लूटूथचा प्रश्नच नव्हता. साउंड कार्डची डबी माझ्याजवळ होती, ती लावली, तर लॅपटॉप पासवर्ड मागू लागला. तो तिच्या ऑफिसचा होता, अनोळखी वस्तू आत घेत नव्हता. राहिलं बारीक छिद्र. बॅटरी भरलेली होती, म्हणून चार्जर काढून ठेवला. नवी तार लावली. सगळं विचार करून, जागच्या जागी. वनिताला म्हणालो, "वाजवून पाहू काय?" ती म्हणाली, "नको काका. आईनं सगळ्याईसंगच ऐकावं." तिचं बरोबर होतं. मी जोर धरायला हवा होता, नुसती स्पीकरला कान लावून खातरी करायला हवी होती. धरला नाही.

अकरा वाजता पूजा आटोपली. शंभरेक माणसं असतील. कौसल्यावहिनींना फोटोजवळच्या खुर्चीवर बसवलं. वनिता माईकवर म्हणाली, "आई, तुले एक गोष्ट सांगाची होती. बाबांचा आवाज माह्याजवळ हाय." वहिनींना नीट समजलं नाही. त्यांनी शेजारच्या बाईकडे पाहिलं. वनितानं कळ दाबली.

काही क्षण काहीच नाही. मग पेटी वाजली. चिपळ्या वाजल्या. पेटीनं चाल घोळवली, थांबली, आता आवाज येणार म्हणून सगळ्यांनी श्वास धरला, आणि आवाज आला नाही. पेटी पुढे निघाली. चिपळ्या पुढे निघाल्या. त्यांच्यामागे खूप लांब, विहिरीच्या तळाशी कोणी काही म्हणत असावं असा एक पुसट घुमारा तेवढा येत होता. शब्द नाही, गळा नाही.

मी आवाजाची घुंडी वर केली. पेटी मोठी झाली. दौलतभाऊ आले नाहीत.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणी म्हणालं, "स्पीकर फाटला." कोणी म्हणालं, "नुसतं म्युझिकच भरलं वाटते पोरीनं." कौसल्यावहिनी फोटोकडे पाहत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, पण समोरचा माईक चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "पेटी तं याईचीच हाय. मानूस कुठं गेला?"

वनितानं गाणं थांबवलं. घाईनं माझी तार उपटली, गाणं पुन्हा चालू केलं आणि लॅपटॉपला कान लावला. त्याच्या स्वतःच्या बारक्या स्पीकरमधून दौलतभाऊ म्हणत होते. बारीक, पण अगदी स्वच्छ. ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, रागही होता. "काका, बाबा हायेत इथं. तुमच्याकडं काहून येऊन नाई राह्यले?"

चाळीस वर्षांत मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. घाईत पुन्हा तार खुपसताना पिन पूर्ण आत गेली नाही, अर्धीच गेली, आणि चालू गाण्यातून एकदम खरखरत दौलतभाऊंचा आवाज मंडपात आला. मी पिन नीट आत दाबली. आवाज गेला. अर्धी बाहेर ओढली. आला.

तेव्हा डोक्यात उजेड पडला, आणि पाठोपाठ लाज वाटली, कारण ही गोष्ट मला माहीत होती. धंद्यात मुरलेल्या कोणालाही माहीत असते.

सोप्या शब्दांत सांगतो. लॅपटॉपच्या त्या एका छिद्रातून दोन आवाज निघतात, एक डाव्या कानाचा, एक उजव्या कानाचा. स्टुडिओत पेटी थोडी डावीकडे ठेवतात, चिपळ्या थोड्या उजवीकडे. गाणारा मात्र मधोमध, म्हणजे दोन्ही तारांत अगदी सारखा. माझी नवी तार हे दोन्ही आवाज मिक्सरच्या एकाच छिद्रात नेत होती. ते छिद्र माईकच्या लांब वायरींसाठी केलेलं असतं. रस्त्यात शिरलेला खरखरीचा कचरा दोन्ही तारांवर सारखाच चढतो, म्हणून दोन्हींत जे सारखं असेल ते कचरा समजून तो मिक्सर कापून टाकतो. दोन्हींत जो फरक असेल तेवढाच पुढे जाऊ देतो. माईकसाठी ही मोठी सोय. पण त्या दिवशी दोन्हींत सारखा होता तो एकटा माणूस. पेटी कडेला होती म्हणून वाचली, चिपळ्या वाचल्या, आणि मधोमध बसलेल्या दौलतभाऊंना माझ्या नव्या कोऱ्या तारेनं कचरा म्हणून काढून टाकलं होतं. पिन अर्धी बाहेर असताना एकच आवाज पुढे जात होता, कापायला जोडीच नव्हती, म्हणून तेवढ्यापुरते ते ऐकू आले.

ढोलाच्या गाण्याऐवजी मी घरी एक मिनिट त्यांचं भजन ऐकलं असतं, तर हे तिथंच कळलं असतं. पोरीनं तर आपणहून विचारलं होतं.

मी माईक घेतला. आयुष्यात मी माईकवर "हॅलो, हॅलो"च्या पलीकडे फार बोललो नाही. म्हणालो, "पोरीचं काही चुकलं नाई. रेकॉर्डिंग चांगलं हाय. चूक माही झाली. दोन मिनिटं द्या मले."

गाडीतल्या पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जुनी लाल-पांढरी वायर होती. टेप लावलेली, मळलेली. एका टोकाला बारीक पिन, दुसरीकडे ती फाटून दोन जाड पिना झालेली. लाल पिन मिक्सरच्या एका छिद्रात घातली, पांढरी दुसऱ्यात. डाव्याची वाट वेगळी, उजव्याची वेगळी. मग मिक्सरवर आवाज घुमवायची जी घुंडी असते ती शून्यावर आणली. हाताला सवय अशी की भजन म्हटलं की तो आपोआप तिकडे जातो. तिच्यावर कागद चिकटवला आणि वनिताला म्हणालो, "सुरुवातीपासून लाव, बाई."

तिनं लावलं. मघा सुरुवातीला जिथं नुसती शांतता होती, तिथं आता कोणीतरी घसा साफ केला. मग चारही स्पीकरमधून दौलतभाऊ बोलले, "वनिता, चालू झालं काय व हे? म्हनू काय आता?"

स्टुडिओवाल्यानं ते कापायचं राहून गेलं होतं, किंवा वनितानं कापू दिलं नव्हतं.

कौसल्यावहिनी खुर्चीवरून उठल्याच. "म्हना ना," त्या म्हणाल्या. "म्हना, कोन नाई म्हनते?" आणि मग त्यांना कळलं आणि त्या खाली बसल्या. वनितानं त्यांचा हात धरला. पेटी वाजली, चाल घोळवली, थांबली आणि दौलतभाऊंनी सूर लावला.

मी त्यांचा आवाज शेकडो वेळा ऐकला होता, पण नेहमी मशीनच्या मागून, काट्याकडे आणि दिव्यांकडे लक्ष ठेवून. त्या दिवशी मी पहिल्यांदा नुसता ऐकला. वय झालं होतं. वरच्या सुराला थोडा श्वास कमी पडत होता, आणि तिथं ते शब्द लवकर सोडून देत होते. ते लपवावं म्हणून मी एरवी नक्की काहीतरी फिरवलं असतं. काही फिरवलं नाही. जसे होते तसे येऊ दिले.

मला वाटलं झालं, आपलं काम संपलं. पण पहिल्या कडव्यानंतर वहिनींनी हातानं मला खूण केली. मी जवळ गेलो. त्या म्हणाल्या, "मधूभाऊ, एवढ्या जोरानं हे कधीच नाई बोलले माह्यासंग. जरा लहान करता काय?"

मी परत येऊन आवाज उतरवला. त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, अजून. आणखी उतरवला. अजून. चार मोठे स्पीकर, पण आता त्यांतून एवढासाच आवाज येत होता, समोरच्या माणसाशी बोलावा एवढा. माझ्या हिशोबानं तो चौथ्या रांगेच्या पुढे पोचत नव्हता. वहिनींनी डोळे मिटले आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. मी घुंडीवरून हात काढला.

मागच्या रांगांत हालचाल झाली. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. लोक उठू लागले, आधी दोघे-तिघे, मग सगळेच. मला वाटलं ऐकू येत नाही म्हणून निघाले, जेवणाकडे चालले, आणि हे खापर आपल्यावरच. कोणाला थांबा म्हणायचीही सोय नव्हती, कारण मोठ्यानं बोललं तर भजन बुडालं असतं.

पण कोणी बाहेर गेलं नाही. चपला हातात घेऊन, पायांचा आवाज न करता ते पुढे आले. म्हातारे, लेकराला कडेवर घेतलेल्या बाया, वाढायला उभे असलेले लोकसुद्धा. वहिनींच्या खुर्चीभोवती, फोटोसमोर, माझ्या वायरी ओलांडून, जिथं जागा मिळाली तिथं जमिनीवरच टेकले, अगदी एकमेकांना चिकटून. मीही मशीन सोडून त्यांच्यात जाऊन बसलो.